भंगारवाला नको म्हणतो, ते आपलं

गल्लीत, सोसायटीच्या भिंतीवर किंवा शाळेच्या आवारात टाकून दिलेल्या वस्तूंपासून काही घडवत असाल तर अडचणी कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली, बहुतेक पुण्यातूनच. ज्या प्रश्नांत इतरांच्याही उपयोगाचं काही होतं ते इथे घेतले आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. काहींनी सोसायटीतल्या भांडणांविषयी मोकळेपणाने लिहिलं आहे, त्यांना त्रास नको.

आमच्या सोसायटीत तीन-चार फ्लॅटमध्ये एकदम बाथरूमची कामं निघाली. फुटक्या टाइलच्या गोण्या जिन्याखाली पडून आहेत. कंपाउंडच्या भिंतीवर त्यांचं चित्र करावं असं आम्हा बायकांच्या मनात आहे. पण शेजारच्या सोसायटीत असंच केलेलं चित्र दोन पावसाळ्यांत गळून पडलं. टिकेल असं कसं करायचं? (सहकारनगर)

गोण्या अजून जिन्याखाली आहेत हे ऐकून बरं वाटलं. एरवी हा राडारोडा रात्रीतून एखाद्या ओढ्याच्या काठी नाहीतर टेकडीच्या पायथ्याशी जाऊन पडतो.

फुटकी टाइल हा माझ्या मते या कामासाठी सगळ्यात चांगला माल आहे. तिला कुणी विकत घेत नाही, म्हणून. लोखंडाला भाव आहे, पितळेला आहे, पुठ्ठ्याला आहे, पाण्याच्या रिकाम्या बाटलीलाही आहे. फुटक्या टाइलला, कान तुटलेल्या कपाला, बांगडीच्या तुकड्याला भंगारवाला हात लावत नाही. जे विकलं जातं त्यावर कुणाचं तरी घर चालतं. ते उचलून आपण भिंत सजवावी हे मला पटत नाही. म्हणून शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हापासून मी एकच नियम सांगत आले आहे: भंगारवाला नको म्हणतो, ते आपलं.

या कामातली जगातली दोन मोठी माणसं मुख्यतः याच मालावर उभी राहिली. नेकचंद सैनी चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर वसवायला जुनी गावं पाडली जात होती. १९५७ पासून, नोकरी सांभाळून, सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात कुणाला न सांगता ते हा राडारोडा नेत राहिले आणि त्यातून माणसं, प्राणी, पक्षी घडवत राहिले. फुटक्या कपबश्या, वॉशबेसिन, विजेची चिनी मातीची जुनी फिटिंग, बांगड्यांचे तुकडे असा सगळा माल. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली, तीच आजची रॉक गार्डन. दुसरे लॉस एंजेलिसचे सायमन रोडिया, इटलीतून आलेले बांधकाम मजूर. १९२१ ते १९५४ या काळात त्यांनी घराशेजारच्या जागेत एकट्याने मनोरे उभे केले. त्यातला सर्वांत उंच सुमारे ३० मीटरचा. लोखंडी सळ्यांना तारेची जाळी गुंडाळायची, वर सिमेंट चोपडायचं आणि ओल्या सिमेंटमध्ये फुटक्या टाइल, बाटल्यांच्या काचा, शिंपले रुतवायचे. पुढे मनोरे धोकादायक ठरवून पाडायचं ठरलं. तेव्हा १९५९ मध्ये ताण देऊन त्यांची चाचणी घेतली गेली, आणि मनोरे जागचे हलले नाहीत. रोडियांचं सिमेंटचं काम इतकं पक्कं होतं. तुमचाही प्रश्न तोच आहे, म्हणून आता सिमेंटबद्दल बोलते.

शेजारच्यांचं चित्र का गळलं ते मी पाहिलेलं नाही, पण कारणं सहसा ठरलेली असतात. भिंतीला डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट असेल तर टाइल भिंतीला चिकटतच नाही, रंगाला चिकटते. रंगाचा पोपडा सुटला की चित्रही त्याच्याबरोबर येतं. तेव्हा रंग पूर्ण खरवडा आणि छिन्नीने टोचे मारून भिंत खडबडीत करून घ्या.

मग गोण्या उघडा. त्यांत दोन जातींच्या टाइल असणार. जुन्या बाथरूमच्या भिंतीवरच्या सिरॅमिक टाइलची पाठ मातकट आणि पाणी पिणारी असते. ती पाण्यात भिजवून मग लावली की साध्या वाळू-सिमेंटला घट्ट धरते. नव्या जमान्याच्या व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाहीत, त्यामुळे त्यांना नुसतं सिमेंट धरत नाही. त्यांच्यासाठी दुकानात गोणीत मिळणारं टाइल अॅडेझिव्ह घ्यावं लागतं. पाठीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. मुरला तर सिरॅमिक, तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड. दोन ढीग वेगळे करा आणि मिसळू देऊ नका.

आणि ओल. कंपाउंडच्या भिंतीत ओल जमिनीतून वर चढते, लोणा लागतो, आणि तो आतून टाइल ढकलून देतो. खालचा वीत-दीड वीत पट्टा मोकळा सोडा. भिंतीमागे मातीचा भराव असेल तर पाणी निघायला ठेवलेली भोकं चित्रासाठी बुजवू नका. वरच्या काठावर सिमेंटचा उतार द्या, म्हणजे पाणी चित्राच्या पाठीत शिरणार नाही.

गवंडी कुठला बोलवायचा? गच्चीवर चायना चिप्स बसवणारा. पुण्यातल्या कितीतरी गच्च्या त्या पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेल्या आहेत, उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकल्या आहेत. ज्याचा हात त्या कामात बसला आहे त्याला तुम्ही फक्त रंग आणि आकार द्यायचे, बाकी त्याला शिकवावं लागत नाही.

तुमच्यातल्या ज्येष्ठांना भिंतीसमोर उकिडवं बसून काम करणं जमणार नाही, त्यांच्यासाठी एक जुनी रीत सांगते. ब्राऊन पेपरवर चित्र काढा. टाइलचे तुकडे चकचकीत बाजू खाली करून गव्हाच्या पिठाच्या खळीने त्या कागदावर चिकटवा. हे काम घरात टेबलावर होतं, गप्पा मारत होतं. गवंडी भिंतीवर सिमेंट लावेल, कागदासकट तुकडा त्यात दाबेल. सिमेंट धरलं की कागद ओला करायचा, खळ सुटते, कागद सोलून निघतो. चित्र उलटं उमटतं एवढं लक्षात ठेवा. अक्षरं असतील तर कागदावर ती आरशात दिसतात तशी काढावी लागतील.

तुकडे करताना टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडी मारा, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. लहान मुलांचा हात पोहोचेल त्या उंचीवरच्या प्रत्येक तुकड्याची कड घासा. घासताना दगड आणि टाइल ओली ठेवा, कोरडी धूळ छातीत जाते. सांधे भरल्यावर सात दिवस पाणी मारा, वर ओलं गोणपाट टाका. दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत संपवा. एप्रिलच्या उन्हात सिमेंट पक्कं होण्याआधीच सुकतं, आणि मे महिन्यातला वळीव ताजं काम धुऊन नेतो.

मंडळाच्या कोपऱ्यावर लोक वर्षानुवर्षं कचऱ्याच्या पिशव्या टाकतात. आमच्यातले दोघे फॅब्रिकेशनचं काम करतात, गॅरेजवाले गिअर, चेन, क्लच प्लेट द्यायला तयार आहेत. तिथे मोठा लोखंडी बैल उभा करायचा आहे. परवानगी लागते का? आणि त्याने कचरा थांबेल का? (पर्वती पायथा)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरा प्रश्न तोच आहे. नुसत्या बैलाने कचरा थांबणार नाही. पिशव्या टाकणारी माणसं वाईट नसतात. त्यांतले कितीतरी जण पहाटे कामाला निघतात, कचरा घेणाऱ्या ताई दारात येतात तेव्हा घराला कुलूप असतं. रात्री ती पिशवी घेऊन ते कोपऱ्यावर येतात. बैल उभा राहिला तर पिशवी बैलाच्या पायाशी पडेल. म्हणून आधी तुमच्या भागात घरोघरचा कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या ताईंशी आणि आरोग्य निरीक्षकांशी बसून बोला. पिशव्या कुठल्या घरांतून आणि किती वाजता येतात हे त्या ताईंना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्या घरांसाठी वेगळी वेळ ठरवता आली, शेजाऱ्याकडे डबा ठेवायची सोय झाली, तर अर्धं काम तिथेच होतं. मग जागा धुवा, रांगोळी घाला, दिवा लावा. हे सगळं सुरळीत चाललं की मग बैल आणा. त्या जागेची काळजी घेणारी माणसं आहेत हे त्याने दिसेल, आणि ती काळजी तोवर खरोखर घेतली जात असेल.

परवानगी लागते. फुटपाथ, रस्त्याची कड, दुभाजक, महापालिकेची भिंत यांपैकी काहीही असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज करा, सोबत रेखाचित्र आणि मापं द्या. सार्वजनिक मालमत्तेवर परवानगीशिवाय काही रंगवणं, लावणं हे १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात गुन्हा ठरू शकतं, हेतू कितीही चांगला असला तरी. ड्रेनेजचं चेंबर, विजेचा डीपी, पाण्याचा व्हॉल्व्ह यांच्यावर किंवा दाराशी काही उभं करू नका. वळणावर गाडीवाल्याची नजर अडेल अशी उंची नको. झाडाला तर खिळा, तार, साखळी काहीच नको. झाडांतले खिळे काढत या शहरात माणसं फिरली आहेत.

आता लोखंड. गिअर, चेन भंगारात जातं, त्याचे पैसे होतात. गॅरेजवाला फुकट देत असेल तर तो त्याचा प्रश्न, पण गॅरेजमधून भंगार नेहमी उचलणारा जो माणूस आहे त्याचा आठवड्याचा माल तुम्ही नेता आहात. त्याला विचारा, आणि वजन करून त्याच्याकडूनच विकत घ्या. मंडळाच्या वर्गणीतून हा खर्च निघू शकतो आणि हिशेबात तो अभिमानाने लिहिता येतो. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमागे, जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, तुम्हाला हवा तो आकार विकतच मिळेल.

वेल्डिंग तुमची मुलं माझ्याहून चांगलं जाणतात. गणपतीत हलते देखावे उभे करणाऱ्या शहरात ते मी शिकवायचं कारण नाही. देखावा दहा दिवसांचा असतो, बैल दहा वर्षांचा, म्हणून पुढच्या गोष्टी तेवढ्या सांगते. ऑइल आणि ग्रीसचा अंश राहिला तर रंग धरत नाही. आधी रॉकेल किंवा थिनरने पुसा, तारेच्या ब्रशने गंज काढा, त्याच दिवशी रेडऑक्साइड मारा. रात्रभर उघडं राहिलेलं लोखंड सकाळी पुन्हा तांबूस होतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर मात्र रेडऑक्साइड आणि ऑइल पेंट थेट चालत नाही, जस्ताशी त्या रंगाची रासायनिक क्रिया होते आणि पापुद्रे सुटतात. त्यासाठी वेगळा प्रायमर दुकानात मागा. पाइप वापरलात तर त्यांच्या सर्वांत खालच्या बाजूला भोक ठेवा. आत साचलेलं पाणी बाहेरून दिसत नाही आणि पाइप आतून खातं. शिंगं माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येऊ देऊ नका. पाया काँक्रीटचा, त्यात गाडलेले बोल्ट, आणि त्यावर नटाला वेल्डचा टाका, नाहीतर बैल पायापासून सुटा होऊन पुन्हा भंगारातच जाईल.

आणि दरवर्षी पावसाळ्याआधी एक रविवार बैलाच्या रंगकामासाठी मंडळाच्या वेळापत्रकात आत्ताच लिहून ठेवा. गणपतीच्या तयारीच्या गडबडीत तो राहून जातो.

आजी, मी आठवीत आहे. आमच्या इको क्लबला पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांपासून शाळेच्या मैदानात मोठा मासा करायचा आहे. आम्ही बाटल्या जमवायला सुरुवात केली आहे. चालेल ना? (वारजे)

तुझं पत्र वाचून आनंद झाला, अक्षरही सुरेख आहे. पण मासा बाटल्यांचा करू नकोस.

त्या बाटलीला भाव आहे. ती विकली गेली की कारखान्यात तिचे तुकडे होतात, वितळवून धागा निघतो, त्याचं कापड होतं. पुण्यात हजारो बायका हा सुका कचरा निवडून विकतात. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे आणि 'स्वच्छ' ही सहकारी संस्था तिच्यातूनच उभी राहिली. तू बाटल्या मैदानात लावल्यास तर त्यांच्या हातचे पैसे गेले. वर मैदानातल्या उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होतं, त्याचे बारीक कण सुटतात, पावसाबरोबर नाल्यात आणि तिथून नदीत जातात. नदीतल्या खऱ्या माशांनाच ते भोवतं.

जमवलेल्या बाटल्या शाळेत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना द्या, आणि द्यायला वर्गातली सगळी मुलं जा. त्यांना विचारा, दिवसभरात त्यांच्या हाती येणाऱ्या कुठल्या गोष्टी कुणीच विकत घेत नाही? त्यांचं उत्तर वहीत लिहून घ्या. तुमच्या माशाचं सामान त्या यादीत सापडेल.

माझ्याकडून एक नाव त्या यादीत घाल: काचेच्या फुटक्या बांगड्या. तुळशीबागेत बांगड्या भरताना, मोजताना त्या फुटतात. तिथल्या दुकानात शिक्षिकेला घेऊन जा, डबा ठेवायची परवानगी माग. नेकचंदांच्या बागेत बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायकांच्या मूर्ती रांगेने उभ्या आहेत, अंगभर रंगीत काच. माशाच्या खवल्यांसाठी याहून चांगलं काही मला सुचत नाही. बांगडीचा तुकडा आधीच वळलेला असतो, खवला होऊनच येतो. मोठ्या माणसाच्या मदतीने, मोजे घालून, टोकं सिमेंटमध्ये पूर्ण बुडतील असे रोवा. बाटल्यांची झाकणं उरली असतील तर व्हरांड्यातल्या भिंतीवर, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी, त्यांचं चित्र करायला हरकत नाही.

जुने टायर रंगवून बागेत लावले आहेत. कुणीतरी म्हणालं डासांमुळे काढा. खरं आहे का? (हडपसर)

खरं आहे. डेंगीचा डास टायरच्या आतल्या कडेला अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी मिळालं की उबतात. पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार. भोक पाडूनही उभ्या टायरच्या पोटात पाणी अडतंच. एक तर टायर आडवा ठेवून आतल्या खोबणीसकट पूर्ण मातीने भरा आणि झाड लावा, नाहीतर काढून टाका. रंगवलेल्या टायरचा झोपाळा, टायरचा हंस, टायरच्या खुर्च्या हे सगळं मी पावसाळ्यापूर्वी उचलायला सांगते.

आमचा वाडा पाडून इमारत झाली. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, दगडी डोण, गजांच्या दोन खिडक्या आणि एक मोठा पितळी हंडा तळघरात पडून आहे. मुलं म्हणतात विकून टाका. मला ते इमारतीच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं मांडायचं आहे. कसं मांडू? (सदाशिव पेठ)

विकू नका. तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

तुमच्या वस्तूंचे तीन वेगळे स्वभाव आहेत. दगड बाहेर राहू शकतो, लाकूड सांभाळून राहू शकतं, पितळ राहू शकत नाही.

दगडापासून सुरुवात करा. तो इथलाच काळा पाषाण, शंभर पावसाळे त्याला काही करत नाहीत. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेवून सिमेंटने कायमच्या जोडू नका, वरची तळी थोडी सरकवून ठेवा, म्हणजे आतले टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव दिसतात. ते घाव पाहिले नाहीत तर आजच्या मुलाला तो नुसता गोल दगड वाटतो. पाटा भिंतीला तिरका टेकवून ठेवा आणि मागे पक्का आधार द्या, घसरला तर पायावर येईल. उखळ आणि डोण यांत पाणी साचतं. डोणीत तळाला खडी आणि वर माती घालून ओवा किंवा गवती चहा लावा. उखळात कोरडी खडी काठोकाठ भरा.

खिडक्या सागवानी असतील असं धरते. लाकूड जमिनीला टेकू देऊ नका, खाली दगडाची बैठक द्या, नाहीतर वाळवी लागते. वरून छज्ज्याचा आडोसा हवा. चौकटीला आडव्या कापाची जी टोकं असतात तीच सर्वांत जास्त पाणी पितात, तिथे बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) दोन-तीनदा मुरवा. एका बाबतीत फार काळजी घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कडक मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, तुमच्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधीच्या. रंग कोरडा घासू नका, ती धूळ नातवंडांच्या पोटात जाऊ शकते. ओला करून अलगद खरवडा आणि खरवड पिशवीत बंद करा. किंवा रंग तसाच ठेवा. पोपडे सुटत नसतील तर उतरलेला हिरवा-निळा रंगही फार देखणा असतो, त्यावर नुसता पारदर्शक लेप द्या.

हंडा आत ठेवा. मी तांबट आळीत वाढले, हातोडीचे ठोके ऐकत मोठी झाले, त्यामुळे हंड्याबद्दल थोडं हक्काने सांगते. बाहेर ठेवलेला हंडा चोरीला जाईल, आणि राहिला तर पोचे पडून, हिरवा पडून बिचारा होईल. तो इमारतीच्या आत जिन्याच्या वळणावर, काचेआड नको, उघडा पण भिंतीला आतून जखडून ठेवा. पोचे पडले असतील तर कसब्यात अजून काम चालतं, ठोकून काढून देतील. पॉलिश करून आरशासारखा करून घेऊ नका. पुण्याच्या तांबटांचं मठारकाम, ते एकाशेजारी एक बसलेले ठोके, मंद उजेडातच दिसतात.

मांडणी करण्याआधी बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा एकदा जाऊन या. अडकित्ते, दिवे, दारं, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरच्याच वस्तू केळकरांनी गोळा केल्या. एका वस्तूभोवती किती मोकळी जागा ठेवली की ती दिसते, हे तिथे पाहत राहा. तुमच्या दारात सगळं एकत्र रचलं तर ते तळघरच होईल. दारात तीन वस्तू पुरे, बाकीच्या जिन्यात.

आणि प्रत्येक वस्तूखाली शहाबादीच्या तुकड्यावर चार ओळी कोरून घ्या: ती वाड्यात कुठे होती, कोण वापरत असे, तिच्यावर काय दळलं-वाटलं जाई. तुमच्या मुलांना या वस्तू विकाव्याशा वाटतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या गल्लीत एकाने घरासमोर तुटक्या बाहुल्या, बूट, सायकली असं काहीबाही टांगून ठेवलंय. त्याला ती कला वाटते, आम्हाला तो उकिरडा वाटतो. तुम्ही अशा लोकांना प्रोत्साहन देता म्हणून विचारते, आम्ही काय करायचं? (नाव-पत्ता देऊ नये)

तुमचा राग मला कळतो. तुमच्या खिडकीतून रोज दिसणारी गोष्ट तुम्हाला न विचारता उभी राहिली आहे.

अमेरिकेत डेट्रॉइट शहरात टायरी गायटन नावाच्या चित्रकाराने १९८६ मध्ये आपल्या ओसाड पडत चाललेल्या गल्लीत हेच केलं. पडक्या घरांना ठिपके रंगवले, त्यांवर बाहुल्या, बूट, घरगुती सामान लावलं. जगभरातून लोक पाहायला येऊ लागले. पण गल्लीतल्याच काहींना ते नको होतं. १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये महापालिकेने त्याचा काही भाग पाडला. गायटन यांनी पुन्हा उभं केलं. मी त्यांच्या कामाची चाहती आहे, तरीही त्या गल्लीत नको म्हणणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. लोक पाहायला येतात आणि जातात, तिथे राहणाऱ्याला ते रोज पाहावं लागतं.

तुम्ही त्या गृहस्थांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, चहाला जा. हे का केलंत, एवढंच विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. बाहुल्या कुणाच्या होत्या ते कळलं तर तुमची नजर बदलेलही, कदाचित बदलणार नाही. मग तीन गोष्टी ठामपणे मागा, त्या मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: पाणी साचणारं काही नको, डोक्यावर पडेल असं काही नको, आणि रस्त्याच्या हद्दीत काही नको. बुटात पाणी साचतं, बाहुलीच्या पोटातही साचतं. चौथी गोष्ट विनंती म्हणून करा: दर पावसाळ्यानंतर जे विटलं, फाटलं, गंजलं ते उतरवायचं. या कामात माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच असतो. सुरुवातीला जीव ओतून केलेलं काम तीन वर्षांनी कुणी पाहत नाही तेव्हा त्याचा खरोखरच उकिरडा होतो, आणि मग गल्लीत पुढच्या कुणाला काही करायची परवानगी मिळत नाही. उतरवायला तुम्ही स्वतः एक दिवस शिडी धरायला गेलात, तर काय राहावं आणि काय जावं याविषयी तुमचंही मत घेतलं जाईल.

कुठल्या वस्तू अजिबात वापरू नयेत? (पिंपळे सौदागर)

ट्यूबलाइट आणि सीएफएल, त्यांत पारा असतो. जुन्या डब्बा टीव्हीची पिक्चर ट्यूब, तिच्या काचेत शिसं असतं. बॅटऱ्या, सर्किट बोर्ड. हे सगळं ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे गेलं पाहिजे. जुने सिमेंटचे नालीदार पत्रे कापू, फोडू, घासू नका, त्यांत अॅस्बेस्टॉस असतो. औषधांच्या बाटल्या, सुया, इस्पितळातलं काहीही नको. रस्त्याकडेला आरसे आणि सीडी टांगू नका, दुपारी त्यांची तिरीप गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जाते.

तळमजल्यावर राहतो. सोसायटीची भिंत वगैरे मला मिळणार नाही. दारासमोर एक साधं सिमेंटचं तुळशीवृंदावन आहे, तेवढंच माझं. घरात वर्षानुवर्षं फुटलेल्या कपबश्यांचे तुकडे एका डब्यात ठेवलेले आहेत. एवढ्यावर काही होईल का? वय ७४. (कोथरूड)

नक्की होईल. वृंदावनाला चार बाजू आणि वर कठडा असतो, एक डबा त्याला पुरेल. गोल कपाचे तुकडे सपाट बाजूंवर बसत नाहीत, ते कोपऱ्यांवर आणि कठड्याच्या गोलाईवर लावा. बश्यांचे सपाट तुकडे बाजूंना. नक्षीचा तुकडा मध्ये आणि कोरा पांढरा त्याच्याभोवती ठेवलात तर नक्षी उठून दिसते. कपाच्या बुडाची गोल कडी पूर्ण राहिली असेल तर ती फोडू नका, एकेका बाजूच्या मध्यभागी एकेक बसवा.

एका दिवशी एकच बाजू करा. सिमेंट वाटीभरच कालवा, तेवढंच तासाभरात संपतं. स्टुलावर बसून करा, वाकून नको. कुंडीतल्या मातीचं पाणी बाजूंतून झिरपत असेल तर आधी आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारून घ्या. तोवर तुळस दुसऱ्या कुंडीत हलवा आणि काम संपल्यावर पंधरा दिवसांनी परत लावा.

तुकडे कमी पडले तर चांगले कप फोडू नका. जिन्यात एक डबा ठेवून त्यावर 'फुटके कप इथे टाकावेत' असं लिहा. सोसायटीत महिन्याभरात हवे तेवढे जमतात, आणि डब्यात कप टाकायला आलेली माणसं काय चाललंय म्हणून दारात थांबतात.